बाळाची शी-शू, आजीचे पाय आणि टिपात हालाव

लहान मुलांची शी-शू हा काय मासिकात लिहिण्याचा विषय आहे, असे कित्येक वाचक म्हणतील. त्यांनी कृपा करून मिश्ना उघडावी. शब्बाथच्या नियमांच्या सोळाव्या अध्यायात, शब्बाथच्या दिवशी वाडगे कशाकशावर पालथे घालता येते हे सांगितले आहे. वाशाला आग लागू नये म्हणून दिव्यावर, दंश होऊ नये म्हणून विंचवावर, आणि या दोहोंच्या मध्ये लहान मुलाच्या शीवर. आग, विंचू आणि बाळाची शी! ज्या विद्वानांनी ही तिन्ही संकटे एका ओळीत बसविली, त्यांच्या घरात नक्कीच रांगती मुले असली पाहिजेत.

ताल्मुद याहून खोलात जातो. विष्ठेच्या भांड्याला 'गराफ' आणि मूत्राच्या भांड्याला 'आवीत' अशी दोन निराळी नावे त्यात आहेत, आणि या भांड्यांसमोर शेमा म्हणू नये असा दंडक आहे. शब्बाथच्या दिवशी ज्या वस्तू हलवू नयेत त्यांत खरे तर गराफ मोडते, परंतु घाणीजवळ बसून राहणे माणसाला शोभत नाही म्हणून ते बाहेर नेण्याची मुभा दिली आहे. मुलाच्या शीपासून चार हात दूर राहून प्रार्थना करावी, पण ती कोणत्या मुलाच्या? तर जे मूल ऑलिव्हच्या फळाएवढा धान्याचा घास खाऊ शकते त्याच्या. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला सवलत आहे. प्रत्येक आईला ठाऊक आहे की भात-भाकरी सुरू झाली की दुपट्याचा वास बदलतो. ते आपल्या विद्वानांनाही ठाऊक होते, आणि त्यांनी त्याचा नियम करून ठेवला.

आज इस्राएलात लंगोटाला आपण 'हितूल' म्हणतो तो शब्दही तसाच जुना. यहेज्केल संदेष्ट्याच्या सोळाव्या अध्यायात येरुशलेमला टाकून दिलेल्या मुलीची उपमा दिली आहे. तिची नाळ कापली नाही, तिला पाण्याने धुतले नाही, मीठ चोळले नाही, आणि फडक्यात गुंडाळले नाही. या शेवटच्या क्रियापदातूनच हितूल शब्द आला. म्हणजे नवजात बाळाला धुणे आणि गुंडाळणे ही माया केल्याची खूण होती. जिला कोणी धुतले नाही ती मुलगी अनाथ.

असो. शास्त्र बाजूला ठेवून आता कोकणात येऊ. आपले वाडवडील अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले जात, हे सर्वांना माहीत आहे. तेल्याच्या घरी बाळाच्या मालिशला तेलाची वाण नसावी! पण मालिशीइतकीच जुनी एक रीत आपण बोलून दाखवीत नाही. मूल महिना-दीड महिन्याचे झाले, मान जरा धरू लागले, की आई किंवा आजी मोरीच्या कडेला पाटावर बसे. दोन्ही पावले थोडी फाकवून त्यांची बैठक करी, त्या बैठकीवर बाळाला बसवी, त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवी आणि तोंडाने हळू 'शू… शू…' असा आवाज काढी. झोपेतून उठल्यावर एकदा, पाजल्यावर एकदा, निजवण्यापूर्वी एकदा. थोड्याच दिवसांत बाळ त्या आवाजाला ओळखू लागे. काम झाले की कोमट पाण्याने धुवायचे, पुसायचे आणि जुन्या लुगड्याचा मऊ लंगोट बांधायचा. पुष्कळदा तोही नाही, नुसते झबले.

यात कोणतेही मोठे तत्त्वज्ञान नव्हते. उघड्या अंगाने मूल राहू शकेल अशी हवा होती आणि दिवसभर मूल कडेवर घेणारी माणसे घरात होती. शिवाय एक सक्तीही होती. कोकणात चार महिने पाऊस. लंगोट वाळत नसत. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक लंगोट वाळवायचा आणि तरी त्याला धुराचा वास यायचा. ज्या घरात वाळलेले दहा लंगोट म्हणजे श्रीमंती, तिथे आजीने बाळाला पायावर बसवून त्यांतले चार वाचविले तर तिला हुशार म्हटले पाहिजे.

मात्र आजीचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते अशी एक समजूत आपल्याकडे होती आणि अजूनही काही घरांत आहे. ती साफ चुकीची आहे. शी उकिरड्यावर जाई, हात माती किंवा राख लावून धुतले जात, आणि चालती मुले परसदारी बसत त्याच वाटेने अनवाणी परत येत. जंत, हगवण आणि त्यापायी दगावलेली मुले हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. पुढे मंडळी मुंबईस गेली, तेव्हा चाळीतल्या गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास आणि खोलीत हातभर मोरी. पाट तोच, पाय तेच, पण परसदार नाहीसे झाले.

आता त्याच काळी पाश्चात्य देशांत काय चालले होते ते पाहणे जरूर आहे, कारण पुढे आपल्या आजीला इस्राएलात ज्या परिचारिकेने शिकविले ती तिकडची पुस्तके वाचून आली होती. १९१४ साली अमेरिकन सरकारच्या बालक विभागाने 'इन्फन्ट केअर' नावाची पुस्तिका काढली. तिच्यात मुलाला शीची सवय तिसऱ्या महिन्यापासून लावता येईल असा सल्ला होता. १९३० नंतरच्या आवृत्त्या तर अधिकच कडक झाल्या. सहा ते आठ महिन्यांत खराब लंगोट धुण्याचे काम संपलेच पाहिजे, अशी आईकडून अपेक्षा! घड्याळ पाहून दररोज त्याच मिनिटाला बाळाला भांड्यावर धरायचे. ऐकायला हे आजीच्या रीतीसारखेच वाटते, पण फरक मोठा आहे. आजी बाळाच्या तोंडाकडे पाही, आणि अमेरिकन आई घड्याळाकडे.

दोघींची निकड मात्र एकच होती. त्या काळी अमेरिकन बाईसुद्धा लंगोट हातानेच धुवीत आणि चुलीवर उकळवीत असे. हा सगळा इतिहास वाचून माझे असे मत झाले आहे की मूल भांड्यावर कधी बसावे हे मुलाच्या वयावरून फारसे कोणी ठरविलेच नाही. लंगोट कोण धुतो, कुठल्या पाण्याने धुतो आणि तो वाळतो किती वेळात, यावरून ते ठरत आले. डॉक्टर मंडळींनी त्याला मागाहून शास्त्राची जोड दिली.

इस्राएलात आपल्या बहुतेक घरांची या शास्त्राशी पहिली गाठ पडली ती 'टिपात हालाव' म्हणजे 'दुधाचा थेंब' या केंद्रात. हे नाव फ्रान्समधून आले. १८९४ मध्ये फेकां या गावी डॉ. लेऑन द्युफूर यांनी गरीब बाळांना शुद्ध दूध देण्यासाठी याच अर्थाच्या नावाची संस्था काढली होती. येरुशलेममध्ये हदास्सा संघटनेने १९१३ साली रोज कॅप्लन आणि रेचल लँडी या दोन परिचारिका पाठविल्या, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस बर्था लँड्समन या परिचारिकेने जुन्या शहरात माता-बालक केंद्र सुरू केले. निर्जंतुक केलेले दूध गाढवाच्या पाठीवरून घरोघर पोहोचविले जाई. दुधाबरोबर उपदेशही पोहोचे : बाळाला वजन करायला आणा, माश्यांपासून जपा, हात साबणाने धुवा, लंगोट उकळा. या केंद्रांनी हजारो मुले वाचविली यात शंका नाही. आजही आपली नातवंडे लशी टोचून घ्यायला तिथेच जातात.

पण उपकाराच्या जोडीला अहंकारही आला. १९४८ नंतर देश नवागतांनी भरून गेला. १९५० पासून माआबारा उभ्या राहिल्या. पत्र्याच्या आणि कापडाच्या खोल्या, अनेक कुटुंबांना मिळून एक नळ आणि लांबवर सार्वजनिक संडास. रेशनिंगचे दिवस. अशा जागी आपल्या बायका तान्ही मुले घेऊन उतरल्या. आजी पाट शोधी, तो मिळत नसे. उलटी बादली ठेवून ती बसे आणि बाळाला पायावर घेई. केंद्रातील बाई ते पाहून कपाळाला आठ्या घाली. मुलाला 'सीर'वर बसवा, ती सांगे. आता हिब्रूत सीर म्हणजे भांडे, आणि स्वयंपाकाचे पातेलेही सीरच. अरण्यात आपले पूर्वज ज्या मांसाच्या हंड्यांची आठवण काढून रडले तेही सीरच! नव्याने हिब्रू शिकणाऱ्या बाईने हा हुकूम ऐकून काय तोंड केले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नव्हते. पूर्वेकडच्या आईला स्वच्छता कळत नाही हा समज त्या काळच्या छावण्यांत फार खोलवर रुजला होता. येमेनमधून आलेल्या नवागतांच्या छावण्यांत तर तान्ही मुले आरोग्याच्या कारणाने आईपासून वेगळी काढून बाळगृहात ठेवली जात. त्यांतील कित्येक मुले गेली असे आई-बापांना केवळ तोंडी सांगण्यात आले. थडगे दाखविले नाही, दाखला दिला नाही. त्याबद्दल तीन चौकश्या झाल्या, शेवटच्या सरकारी आयोगाचा अहवाल २००१ मध्ये आला, आणि २०२१ मध्ये सरकारने खेद व्यक्त करून भरपाई मंजूर केली. बहुसंख्य मुले आजाराने वारली असा आयोगाचा निष्कर्ष आहे, पण अनेक कुटुंबांना तो आजही पटलेला नाही. माझे म्हणणे एवढेच की 'ही आई स्वच्छ नाही' या एका वाक्यात केवढी सत्ता असते ते आपल्या शेजाऱ्यांनी भोगले आहे. आपल्या आज्यांच्या वाट्याला नुसत्या आठ्या आल्या. तरी पुष्कळ घरांत त्या आठ्यांपायीच पाट माळ्यावर गेला. मुली म्हणू लागल्या, आई, बाहेर कोणासमोर असे करू नकोस.

त्याच देशात त्याच वेळी याच प्रश्नाचा अगदी निराळा प्रयोग चालू होता. किबुत्झमध्ये मुले आईबापांच्या खोलीत नव्हे, तर बालगृहात वाढत आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईला 'मेटापेलेत' म्हणत. सहा मुले सहा भांड्यांवर ओळीने बसली आहेत अशी जुनी छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. त्या ओळीमागे व्हिएन्नाचे डॉ. फ्रॉइड उभे होते असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. १९०८ साली फ्रॉइडने असे प्रतिपादन केले होते की अतिव्यवस्थितपणा, कंजूषपणा आणि हट्टीपणा यांचे मूळ बालपणीच्या शौचाशी जोडलेले असते. हाशोमेर हात्साईर चळवळीचे शिक्षणतज्ज्ञ श्मुएल गोलान यांनी हे विचार किबुत्झच्या बालसंगोपनात आणले. मुलावर जबरदस्ती नको, मारणे नको, लाजविणे नको. अमेरिकन संशोधक मेल्फर्ड स्पायरो १९५१ साली एका किबुत्झमध्ये राहिले आणि १९५८ मध्ये त्यांनी तेथील मुलांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा जगाला या ओळींची माहिती झाली.

कल्पना उदार होती. पण येथेही माझी नजर धुण्याकडे जाते. किबुत्झचे सगळे कपडे सामुदायिक धोबीखान्यात धुतले जात. लंगोट एका बाईच्या पाठीवर पडत नव्हते, म्हणून मुलाला सवड देणे परवडत होते. माआबारातल्या एका नळावर उभ्या असलेल्या आईला फ्रॉइड परवडला नसता. आणि सहा मुलांना एकाच वेळी लागत नाही, हे कुठल्याही आजीने मेटापेलेतला सांगितले असते. बालगृहात झोपण्याची पद्धत १९९० च्या दशकात संपुष्टात आली. त्या ओळींत वाढलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत, आणि कोणी हसून तर कोणी रागाने त्या दिवसांबद्दल लिहितात.

यानंतर सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती कागदी लंगोटाने. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या गृहिणीने आंघोळीच्या पडद्याच्या कापडापासून लंगोटावर घालण्याचे जलरोधक आवरण शिवले आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. तिची पुढची कल्पना होती कागदी लंगोटाची. कारखानदारांनी तिला वाटेला लावले. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पॅम्पर्स बाजारात आणले. त्याला लागूनच, १९६२ साली, मॅसॅच्युसेट्सचे बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी आपला प्रसिद्ध लेख छापला. दहा वर्षांत पाहिलेल्या ११७० मुलांचा तो हिशेब होता. त्यांचा सल्ला असा की घाई करू नये, अठरा महिन्यांच्या सुमारास, मूल स्वतः तयारी दाखवील तेव्हा सुरुवात करावी. त्यांच्या मुलांनी दिवसा कोरडे राहण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने भरले.

ब्रेझल्टन भला माणूस होता आणि मुलांना मारझोड व एनिमा यांतून सोडविण्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण पुढे तेच पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले, आणि ती जाहिरात होती मोठ्या मुलांसाठी काढलेल्या सहा नंबरच्या लंगोटाची! १९९९ च्या सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांत त्यावरून चांगलेच वादंग झाले. २००२ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिवसा कोरडे राहण्याचे मधले वय मुलींचे साडेबत्तीस महिने आणि मुलग्यांचे पस्तीस महिने आढळले. १९३० मध्ये आठ महिने, २००२ मध्ये पस्तीस. इतक्या वर्षांत मुलांची मूत्राशये बदलली नाहीत. धुण्याचा दगड तेवढा गेला, कचऱ्याचा डबा आला.

आणि आता आजीच्या बाजूची साक्ष. ज्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रेझल्टन यांचा लेख आला, त्याच 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये १९७७ साली डीव्हरीस दांपत्याने पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांबद्दल लिहिले. केनियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या या लोकांत मूल काही आठवड्यांचे झाले की आई जमिनीवर पाय पसरून बसते, बाळाला पायांमध्ये धरते आणि तोंडाने 'शूऽऽस' असा आवाज करते. पाच-सहा महिन्यांत मूल दिवसरात्र बऱ्यापैकी कोरडे राहू लागते, आणि कोणाच्या आवाजात राग नसतो. वाचताना वाटले, हे तर नागावच्या मोरीचे वर्णन! समुद्राच्या एका काठावरची आजी दुसऱ्या काठावरच्या आजीला न भेटता तेच करीत होती. मूल 'तयार' कधी होते हे समाजासमाजागणिक बदलते, असा त्या डॉक्टरांनी निष्कर्ष काढला. आपल्याकडे कपाळाला आठ्या घालणाऱ्या बाईंच्या हाती हा लेख पंचवीस वर्षे आधी पडायला हवा होता.

सगळ्यांनीच आजीची रीत उचलली नाही हेही सांगतो. उझबेकिस्तानातून आलेल्या शेजाऱ्यांच्या घरी 'बेशिक' नावाचा लाकडी पाळणा असे. त्यात बाळाला बांधून ठेवीत आणि 'सुमक' नावाची लाकडी नळी लावून शू खालच्या मडक्यात सोडीत. थंड मुलुखात बाळाला उघडे कसे ठेवणार? अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात तर सहाव्या ख्रिस्तपूर्व शतकातील मातीची बाळखुर्ची आहे, खाली भांडे, वर बसण्याची जागा आणि पाय बाहेर काढायला भोक.

परंतु ज्या एका बाबतीत केंद्रातील बाई पूर्णपणे बरोबर होत्या, ती म्हणजे हात धुणे. १९५० च्या सुमारास या देशात पोलिओची मोठी साथ आली होती. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि शीवाटे बाहेर पडतो. लस आल्यावर आपण तो विसरलो. मग २०१३ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडे, रहाटच्या सांडपाण्यात, तो विषाणू पुन्हा सापडला. एकाही मुलाला लुळेपणा आला नाही, कारण बहुतेकांना टोचलेले होते. पण टोचलेल्या मुलाच्या पोटातही विषाणू राहू शकतो आणि तोंडी डोस २००५ पासून बंद झालेले होते. ज्या बेर-शेवा आणि दिमोना भागात आपली हजारो माणसे आहेत, तेथील धष्टपुष्ट मुलांच्या हितूलमधून तो न दिसता फिरत होता. ऑगस्टमध्ये 'दोन थेंब' नावाची मोहीम निघाली आणि लाखो मुलांच्या तोंडात दोन दोन थेंब घालण्यात आले. तेव्हा टिपात हालावच्या दारात लागलेल्या रांगांत सुनांच्या जोडीला आज्याही होत्या, आणि घरी गेल्यावर लंगोट बदलून साबणाने हात धुवा हे सुनांनी आज्यांना आणि आज्यांनी सुनांना बजावले.

ऑगस्ट हाच या देशात हितूल सोडविण्याचाही महिना आहे. २०१२ पासून तिसऱ्या वर्षापासूनचे बालशिक्षण सक्तीचे म्हणून अमलात आले, आणि सप्टेंबरमध्ये बालवाडीत जाणारे मूल हितूलमधून सुटलेले असावे अशी बाईंची अपेक्षा असते. या सोडविण्याला हिब्रूत 'गमिला' म्हणतात. अब्राहामाने इसहाकाचे दूध तोडल्यावर मेजवानी दिली, तेथे शास्त्रात हाच धातू वापरला आहे. (दारू सोडविण्यालाही हाच शब्द आहे, पण ते जाऊ द्या.) मग जुलै-ऑगस्टमध्ये घरोघर गालिचे गुंडाळले जातात, प्लॅस्टिकचे रंगीत सीर विकत आणले जाते, पुस्तकातील चित्रे दाखविली जातात, बक्षिसाचे स्टिकर चिकटविले जातात. मूल सीरवर बसते, उठते, हसते, आणि दोन पावले जाऊन फरशीवर करते. सून दमून स्वयंपाकघरात जाते. मग अश्दोदच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आजी खुर्ची ओढून घेते, नातवाला पायांवर उभे करते, आणि आजूबाजूला कोणी पाहत नाही असे पाहून हळूच म्हणते, शू… शू…